उघडं पिंप

टिमारू,
४ एप्रिल २००८

प्रिय मोराग,

फाडण्याआधी निदान अर्धं तरी वाच. फोनवर तू माझा आवाज ऐकतेस आणि ठेवून देतेस, म्हणून शेवटी लिहायला बसले.

आपल्या आया सख्ख्या बहिणी, आपण एका पलंगावर झोपून मोठ्या झालो, आणि तुझा नवरा लॅकी माझ्या घरी येऊन राहिला त्याला आता दोन वर्षं होतील. त्याबद्दल तुला जे म्हणायचं होतं ते तू चर्चच्या दारात सगळ्या विंटन गावासमोर म्हणालीस. मी उलट बोलले नाही. आजही त्याबद्दल लिहीत नाहीये. लिहितेय ते पिंपाबद्दल.

लॅकीला घरी व्हिस्की गाळायची आहे. कायद्याने आपल्याकडे घरापुरती गाळायला मुभा आहे, मग दुकानातली बाटली का आणायची, हे रोजचं भजन. त्याने कुठून तरी बिअरचं रिकामं स्टीलचं पिंप आणलं, भोक पाडून त्यात चहाच्या विजेच्या किटलीचं तापवायचं एलिमेंट बसवलं. पहिल्या दिवशी फ्यूज उडाला. मग एकदा आतलं आंबवलेलं राय धान्य करपलं आणि गॅरेजभर जळक्या पावाचा वास. परवा पिंपाला हात लावला तर झिणझिण्या आल्या. त्याने पिंपाला लाथ घातली आणि ओरडला, "मोरागच्या पिंपाने एकोणीस वर्षांत कधी असा तमाशा केला नाही!" मी स्वयंपाकघरात होते. भिंतीतून ऐकलं.

एकवीस जूनला त्याचा वाढदिवस आहे. मला त्याला नीट केलेला बॉयलर, म्हणजे गाळायचं पिंप, द्यायचाय. माझा भाऊ आयव्हर त्याच्या शेडमध्ये जागा देतोय. पण तो गवंडी आणि मी लोकांचे केस कापणारी. तुझा जन्म गेलाय दूध काढायची यंत्रं दुरुस्त करण्यात. तू सांगितलंस तर जमेल.

सध्या तो नुसता खुर्चीत बसून पितो गं. हाताला काम मिळालं तर कमी पिईल असं मला वाटतं.

तुझी,
बर्निस

*

विंटन,
१९ एप्रिल

बर्निस,

तुझं पत्र मी बेअर्डच्या गोठ्यात, यंत्राखाली उकिडवी बसून वाचलं. इतक्या मोठ्याने हसले की दोन गायींनी पान्हा चोरला आणि बेअर्डने मला बाहेर काढलं.

नवरा नेलास. त्याच्या सामानासाठी माझा चांगला ट्रेलर नेलास, तो अजून आला नाही. आता पिंप कसं करायचं तेही मीच सांगू? कोऱ्या कागदाची घडी पाकिटात घालून पाठवणार होते. मग चार दिवस विचार केला. सांगते. का, ते विचारू नकोस.

विजेच्या बाबतीत मी लिहीन त्याच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही. तू मेलीस तर मी शिव्या कुणाला घालू?

त्याचं पिंप त्याच्या तोंडावर मार. पबच्या मागून उचललेलं असणार, ती पिंपं बिअरच्या कारखान्यांच्या मालकीची असतात. भंगारवाल्याकडून पावतीसकट दुसरं घे. आत दाब असतो. आधी वरची कळ दाबून तो सगळा जाऊ दे, मगच मधली नळी काढ, नाहीतर ती छपरातून जाईल आणि जाताना तुझी हनुवटी घेऊन जाईल.

किटलीचं एलिमेंट चहासाठी असतं. सगळी आच वीतभर जागेत. राय तिथे करपणार नाही तर काय होणार? गरम पाण्याच्या टाकीचं लांब, दुमडलेलं एलिमेंट आण. तेवढीच आच पसरून लागते. ते तळाजवळ आडवं बसव, म्हणजे कायम रसात बुडालेलं राहील. आंबलेला रस कापडातून गाळूनच आत ओत. एलिमेंट उघडं पडलेलं असताना बटण दाबायचं नाही. वाफेची वाट कधी बंद करायची नाही. पिंपाच्या अंगाला अर्थिंगची वायर बोल्टने घट्ट आवळायची, आणि हे काम परवाना असलेल्या वायरमनकडून करून घ्यायचं. आयव्हरच्या मित्राकडून नव्हे.

आणि पहिली धार फेकून द्यायची, ती विषारी असते. समोर कोणीही कितीही लाळ गाळत उभा असला तरी.

मोराग

*

टिमारू,
२५ मे

प्रिय मोराग,

झालं! म्हणजे उभं राहिलं. पिंपाला भोक पाडताना आयव्हरच्या ड्रिलची दोन पाती मोडली. "मोरागला सांग, पुढच्या वेळी तिच्या नवऱ्याला नुसते मोजे द्या," म्हणाला. तुझ्या म्हणजे माझ्या. जाऊ दे. वायरमन आला, त्याने तुझं पत्र वाचलं आणि विचारलं, "ही बाई कुठे नोकरी करते? आम्हाला हवी आहे."

नुसतं पाणी घालून चालवून बघितलं. गळत नाही, झिणझिण्या नाहीत. पण किती हळू गं! दुपारी लावलं, मी दोन बायकांचे केस रंगवून आले तरी ते नुसतं कोमट.

लॅकीला सहज विचारलं, मोरागचं पिंप तापायला किती वेळ घ्यायचं? तो म्हणाला, "अख्खा शनिवार. शेडच्या त्या टोकाला ठेवायची जिथे वारा नाक कापून नेतो. दुधाच्या टाक्यांना जाडजूड वेष्टन घालणारी बाई, पण नवऱ्याच्या पिंपाला एक गोधडी गुंडाळील तर शपथ!" आणि मग आम्ही तो ख्रिसमस आठवून हसलो, तुझ्या स्वयंपाकघरातला, जेव्हा मी म्हणाले होते, "मोराग, पिंपासाठी एक स्वेटर तरी वीण!" सगळे केवढे हसले होते. तूसुद्धा.

तर सांग, हे लवकर तापवायचं कसं? तू मनाने किती मोठी आहेस हे मला आता कळतंय.

बर्निस

*

विंटन,
२ जून

बर्निस,

स्वेटरची आठवण करून दिलीस ते बरं केलंस. मी विसरले नव्हते.

उघडं पिंप म्हणजे दार उघडं टाकून शेगडी पेटवणं. अर्धी आच हवा खाते. हवेच्या हाती काही लागू द्यायचं नाही, एवढंच काम आहे.

यासोबतच्या पार्सलमध्ये लोकरीचा जाड नमदा आहे. माझ्याच मेंढ्यांची लोकर, धुऊन, कुटून घेतलेली. पिंपाच्या मापाने मी कापून शिवलाय, एकावर एक दोन थर. खालचा थर गच्च बसला पाहिजे, सैल राहिला तर मधून वारा फिरतो. वरच्या घुमटालाही टोपी शिवली आहे, ती विसरू नकोस, तिथूनच सगळ्यात जास्त आच पळते. पिंपाखाली बुचाच्या लाकडाची जाड चकती ठेव, काँक्रीट फार उष्णता पितं. नमद्यावरून देवदाराच्या पट्ट्या उभ्या लाव आणि बाहेरून स्टीलच्या दोन पट्ट्यांची कडी आवळ. दिसायला पण छान दिसेल, त्याला दिसण्याचं फार. वरच्या तांब्याच्या नळीलाही लोकर गुंडाळ. स्पंज वापरू नकोस, वितळतो. एलिमेंटच्या वायरींचा डबा मात्र झाकायचा नाही, तो उघडा आणि डोळ्यांसमोर हवा.

दुसरं एलिमेंट बसव, वेगळ्या वायरिंगवर. तापवताना दोन्ही चालू, उकळी आली की एक बंद. मटणाची तंगडी भाजून व्हायच्या आत धार लागेल.

आणि आंबवायला एकच टाकी ठेवली असशील. तीन ठेव. एक गाळायची, एक तयार, एक आंबते आहे. म्हणजे त्याला थांबावं लागणार नाही.

लोकर माझी आहे हे त्याला सांगू नकोस. सगळं तूच केलंस म्हण.

मोराग

*

टिमारू,
३० जून

प्रिय मोराग,

तू इथे असायला हवी होतीस. नको, असायला नको होतीस, पण कळलं ना तुला.

आयव्हरच्या शेडचं दार उघडलं आणि लॅकी उभाच राहिला. देवदाराच्या पट्ट्यांवरून हात फिरवला, वाकून नमद्याची कड बघितली, बराच वेळ बघितली. मग म्हणाला, "कुणी केलं?"

"मी."

"खोटं."

"आयव्हरला विचार!"

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, मोराग. मग मला धरून त्याने त्या पिंपाभोवती नाचवलं, माझी चप्पल उडून आयव्हरच्या सिमेंटच्या घमेल्यात. पिंप आता आमच्या गॅरेजमध्ये आहे. पहिल्या दिवशी जेवणाआधी एकदा गाळून झालं आणि संध्याकाळच्या आत दुसऱ्यांदा. पिंपाला गाल लावला तरी भाजत नाही, आत उकळतंय आणि बाहेर नुसती उबदार मांजर.

तो गुणगुणतो, खुर्चीत बसत नाही. आठवड्यात तीनदा-चारदा गाळतो. फक्त जेवायला हाका मारून मारून माझा घसा बसतो.

तुझी खूप खूप आभारी,
बर्निस

*

विंटन,
१२ जुलै

बर्निस,

ऐकून बरं वाटलं. इथे हिवाळा भरात आहे, कडाक्याचं दहिवर पडतंय, मेंढ्यांना सलगम घालता घालता बोटं गळून पडतात.

हाका मारू नकोस. ताट गॅरेजमध्ये नेऊन देत जा.

मोराग

*

टिमारू,
२० सप्टेंबर

मोराग,

मध्ये लिहिलं नाही. काय लिहिणार होते?

लॅकीची बंदरातली नोकरी गेली. सकाळच्या पाळीला जाताना नशेत गाडीने फाटकाचा खांब पाडला. लायसन्स गेलं, खटला उभा आहे. आता दिवसभर घरी असतो, म्हणजे गॅरेजमध्ये. तीन टाक्यांचा वास माझ्या पडद्यांना, माझ्या टॉवेलांना लागलाय. मी पुढच्या खोलीत केस कापते ना, परवा मिसेस टॉलीचे केस धूत होते आणि हा आतून आला, नुसत्या बनियनवर, आरशासमोर उभा राहून तिला म्हणाला, "तुम्ही कोण?" ती त्याच्या शाळेतली बाई आहे. ओल्या केसांनी तशीच निघून गेली.

डॉक्टर म्हणतात लिव्हर सुजलंय. डोळे पिवळे झालेत. मी बोलले की म्हणतो, "तूच तर दिलंस." आणि खरंच, मीच दिलं.

तू त्याच्याबरोबर एकोणीस वर्षं काढलीस. तो तुझ्याकडे असताना पीत होता, पण असा नव्हता. रविवारी उठून गवत कापायचा, मेंढ्या बघायचा. सगळे म्हणायचे, लॅकी घेतो पण त्याला कळतं कुठे थांबायचं. तू काय करत होतीस? काय बोलायचीस त्याला? मला सांग. तुझ्या पाया पडते.

बर्निस

*

विंटन,
२८ सप्टेंबर

प्रिय बर्निस,

आज "प्रिय" लिहिते, कारण एप्रिलपासून मी या पत्राची वाट बघत होते.

मी काही बोलत नव्हते. लग्नानंतर पहिले काही महिने बोलून बघितलं, रडले, बाटल्या मोरीत ओतल्या. त्याने नव्या आणल्या. मग मी त्याला म्हटलं, दुकानातली विष असते, मी तुला बॉयलर करून देते, घरची घे. त्याची छाती फुगली. आणि मी त्याला तो करून दिला. एकच एलिमेंट, आणि तेही अशक्त. काँक्रीटवर, शेडच्या वाऱ्याच्या तोंडाशी. उघडा.

मला बॉयलरला वेष्टन घालता येत नव्हतं असं वाटलं तुला? या जिल्ह्यातल्या निम्म्या दुधाच्या टाक्या मी गुंडाळल्यात. मी त्याला गुंडाळला नाही, कारण अख्खा शनिवार त्याच्याजवळ बसून थोडीशी हाती आली की लॅकीला दुसऱ्यांदा लावायचा कंटाळा यायचा. तेवढीच आठवड्याला पुरवायची, घरी आहे म्हणून दुकानात जायचं नाही. विजेच्या बिलावरून मी दर महिन्याला भांडण काढायचे, तेही मुद्दाम, म्हणजे तो दुसरं पिंप मागणार नाही. त्याला जे थांबणं म्हणत होते सगळे, ते माझं थांबवणं होतं. वाऱ्यावर जाणारी ती आच म्हणजे माझा संसार होता.

आणि त्याबद्दल मी काय ऐकलं? कंजूष. थंड बाई. नवऱ्याच्या आनंदावर पाणी ओतणारी. माझ्याच टेबलाशी, मी केलेले चीज रोल खात तू म्हणालीस, पिंपासाठी स्वेटर वीण. आणि तो तुझ्याकडे बघून हसला. तसा माझ्याकडे बघून कधी हसला नव्हता. मी पण हसले, कारण खरं सांगितलं असतं तर त्याच दिवशी ते संपलं असतं.

मग तू पत्र लिहिलंस. पिंप कसं करायचं?

मी तुला एक अक्षर खोटं सांगितलं नाही, बर्निस. यापेक्षा चांगला बॉयलर या देशात कुणाच्या गॅरेजमध्ये नसेल. नमदा शिवताना मी रेडिओ लावून गात होते. तू मागितलास तो स्वेटर मी तुला विणून पाठवला. बस आता त्याच्या उबेला.

मोराग

*

टिमारू,
९ ऑक्टोबर

मोराग,

वाचलं. आयव्हरलाही वाचून दाखवलं. तो उठून बाहेर गेला.

मी तुझी लोकर ओरबाडून काढली. त्याने माझी चांगली रजई गुंडाळली. मी गॅरेजला कुलूप घातलं, त्याने बिजागऱ्या काढल्या. आयव्हरने वायर कापली, दुसऱ्या दिवशी नवी. तू मला जे शिकवलंस ते तोही शिकला. सगळ्या पायऱ्या तुझ्या पत्रांत लिहिलेल्या होत्या, आणि पत्रं मी ड्रॉवरमध्ये ठेवली होती.

मला वाटलं तुझ्यावर ओरडेन. पण तू मला फसवलं नाहीस, हेच सगळ्यात वाईट आहे. मी मागितलं ते दिलंस. जिला मी धाकटी बहीण म्हणून मिठी मारून झोपायचे, तिला मी मरायला निघालेल्या माणसाबद्दल विचारत होते, आणि ती रेडिओ लावून गात होती.

ठीक. शनिवारी आयव्हर त्याला घेऊन येतोय. सोबत त्याचे कपडे आणि तुझ्या ट्रेलरवर तुझं पिंप, लोकर परत घालून. खटल्याचे कागद पाकिटात आहेत. कुलपं मी बदलली. तूच बांधलंस, तूच गुंडाळलंस, आता तूच ठेव.

बर्निस

*

विंटन,
१९ ऑक्टोबर

बर्निस,

शनिवारी दुपारी आले. आयव्हर गाडीतून उतरलाच नाही. काच खाली करून म्हणाला, "मोराग, मला शिव्या देऊ नकोस, मी फक्त गाडी चालवतोय." ट्रेलर सोडला, लॅकीला उतरवलं आणि गेला.

गेली दोन वर्षं हा प्रसंग मी रोज मनात घडवला होता. तो गेटाशी येणार, मी बाहेर जाणार नाही, खिडकीतून बघणार. काय काय बोलायचं ते पाठ होतं. पण त्याला कडी काढता येईना. दोन्ही हातांनी धरली तरी निसटत होती. कोट अंगावर लोंबत होता, चेहरा जुन्या साबणासारखा. शेवटी मी जाऊन गेट उघडलं. आत ये म्हणाले नाही. उघडलं फक्त.

तो आत आलाही नाही. ट्रेलरला टेकला, पिंपाकडे मान केली.

"छान गुंडाळलंयस."

"बर्निसने गुंडाळलं."

"तिला शिवता कुठे येतं? वाढदिवसाला दार उघडलं तेव्हाच शिवण बघितली मी. मेंढ्यांच्या औषधाचा वाससुद्धा आपल्या शेडचा."

मी म्हटलं, "माहीत होतं तर मग कशाला लावलंस?"

"म्हटलं, मोरागने हात सोडला माझा. सोडला तर सोडला."

मला राग आला. एवढी वर्षं साठवलेला सगळा बाहेर आला. मी ओरडले, की तुला काय माहीत मी काय केलं, चार लोकांत कंजूष म्हणवून घेतलं, एकोणीस वर्षं तुझं पिंप उघडं ठेवलं ते कशासाठी. सगळं ओकले. त्याने ऐकून घेतलं. मग असा हसला, की मला त्याचे पडलेले दात दिसले.

"मोराग," म्हणाला, "एकोणीस वर्षांत मला एक गोधडी गुंडाळता आली नसती?"

मी ट्रेलरची दोरी सोडायला घेतली.

"दुसऱ्याच हिवाळ्यात कळलं मला. लोकांसमोर तुला चिडवायचो. काय करू, चार पुरुषांत काय सांगू, बायको मला राखते? आणि शेडमध्ये एकटा असलो की त्या उघड्या पिंपावर हात शेकत बसायचो. रोज वाटायचं, आज गुंडाळतो. मग म्हणायचो, राहू दे. तिने ठेवलंय ना, राहू दे."

"मग गेलास कशाला?"

"राखून घ्यायचा कंटाळा आला होता. बर्निस कसली मोजदाद ठेवायची नाही. वाटलं, थोडे दिवस सुट्टी."

एवढं बोलून तो ट्रेलरच्या चाकाशी खाली बसला, आणि मग बसून राहता येईना. मी त्याला उचलून ट्रकमध्ये घातला आणि इन्व्हरकार्गिलच्या हॉस्पिटलात नेला. वाटेत तो दोनदा मला आई म्हणाला.

मी तुला जिंकल्याचं पत्र लिहिणार होते. वाक्यंसुद्धा तयार होती, आणि ती वाईट नव्हती. तुला माफ मी आजही करत नाही. तो माझ्याकडे कधी तसा हसला नाही हे खरंच आहे. पण तो माझ्या बाजूने होता. इतकी वर्षं आम्ही दोघं मिळून एकच गोष्ट करत होतो आणि मला कुणी सांगितलं नाही. आणि ती मी स्वतः कापून, शिवून, पार्सल करून तुला पाठवली.

काल तिथली तरुण डॉक्टर कागद घेऊन आली. म्हणाली, या खेपेला बहुधा निभावतील. पण घरी सोडलं तर कुणीतरी सतत लक्ष ठेवायला हवं, कडक माणूस हवा, नाहीतर महिनाभरात परत इथेच, आणि तेव्हा निभावणार नाही. तिने पेन वर केलं. "घरी कोण आहे त्यांच्या?"

मी म्हणाले, "कुणी नाही."

तो पलंगावर डोळे मिटून पडला होता. झोपलेला नव्हता. पापण्या हलल्या, मग त्याने तोंड भिंतीकडे वळवलं.

कागदावर माझ्यानंतर दुसरं नाव तुझं आहे. एक-दोन दिवसांत तुला फोन येईल आणि ती हेच विचारेल. काय सांगायचं ते तू बघ.

मोराग